बाबांचे पाय आणि माझा हिशेब

सावईवेरे,
२० जुलै

प्रिय सुहास,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. जरा उघडीप मिळाली की कुळागरात, म्हणजे पोफळींच्या बागेत, जावं लागतं, त्यामुळे उत्तर राहून गेलं. आज पहाटेपासून पाऊस धरून बसलाय, पोफळींची दुसरी फवारणी अडली आहे, म्हणून निवांत लिहितोय.

नोकरी नेमकी कधी सोडावी, असं तू विचारलंस. आधी पैशाचं सांगतो, कारण तिथे चूक झाली तर बाकी काही सुचत नाही. तुझ्यासारखाच मीही '४ टक्क्यांचा नियम' धरून बसलो होतो: पहिल्या वर्षी साठ्यातले ४ टक्के काढायचे आणि पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत न्यायची. पण तो अमेरिकेतल्या बाजाराच्या आकड्यांवरून आणि ३० वर्षांच्या निवृत्तीसाठी बांधलेला आहे. आपण बावन्नाव्या वर्षी थांबलो तर ३५-४० वर्षांचा विचार करायला हवा. महागाई ६ टक्के धरली तरी खर्च बारा वर्षांत दुप्पट होतो. शिवाय मधला पल्ला विसरू नकोस. भविष्यनिर्वाह निधीचं पूर्ण पेन्शन ५८ला. पन्नाशीनंतर आधीही घेता येतं, पण दर वर्षामागे ४ टक्के कपात होते. ज्येष्ठ नागरिक बचत योजना साधारण ६०ला. तोवरची वर्षं आपल्याच साठ्यावर काढायची असतात.

आणि विमा. मला साखर आहे हे तुला ठाऊक आहे. कंपनीचा गटविमा नोकरीबरोबर संपतो, आणि नव्या पॉलिसीत जुन्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून मी नोकरीत असतानाच, तीन वर्षं आधी, स्वतःची पॉलिसी घेतली. तू हे या महिन्यातच कर. राजीनाम्याचं नंतर बघू.

यापेक्षा उपयोगाची गोष्ट नीताने सुचवली. निवृत्तीनंतर जेवढ्यात भागेल असं आम्ही कागदावर मांडलं होतं, तेवढ्यातच एक वर्ष राहून बघायचं आणि उरलेला पगार दुसऱ्या खात्यात टाकायचा, त्याला हात लावायचा नाही. दोन महिने गणित मोडलं. एकदा गणेशचवथीला आणि एकदा घराची कौलं परतताना. दोन्ही खर्च येणारच होते, कागदावर मात्र नव्हते. ते धरून आकडा नव्याने मांडला, तेव्हा झोप लागली.

तरीही मी सोडत नव्हतो. आणखी दोन वर्षं, मग आणखी एक, असं चाललं होतं. रोज फोंड्याहून बोरीच्या पुलावरून वेर्णा आणि परत, सव्वीस वर्षं. एका एप्रिलच्या रविवारी इथे आलो, तर बाबा शिंपण करताना पाटाच्या कडेला बसलेले. पहिल्या ओळीचं पाणी बांध घालून पुढच्या ओळीत वळवायचं होतं. पाणी कधीच भरून वाहून चाललं होतं, आणि ते नुसते त्याच्याकडे बघत होते. मला पाहून म्हणाले, "आता उठतोच." त्यांना उठता येत नव्हतं.

बाबा एक्याऐंशी वर्षांचे आहेत. कुठल्या पोफळींना आधी पाणी द्यायचं, कुठली मिरवेल कुठल्या वर्षी लावली, पाट कुठे झिरपतो, हे सगळं त्यांच्याच डोक्यात आहे, कुठल्या वहीत नाही. माझे पैसे आणखी दोन वर्षांनी वाढले असते. त्यांचे पाय वाढणार नव्हते. परतीच्या वाटेवर मी नीताला सांगितलं आणि सप्टेंबरात राजीनामा दिला. माझ्यापुरतं 'कधी' याचं उत्तर हे होतं.

पण सोडलं म्हणजे सगळं गोड झालं असं समजू नकोस. पहिले पाच महिने वाईट गेले. पहाटे साडेपाचला जाग यायची, फोन हातात घ्यायचो आणि त्यावर काहीच नसायचं. ज्यांना मी काम शिकवलं त्यांचेही फोन थांबले. ते मनाला फार लागलं. घरातही मी नीताच्या मधे मधे येत होतो. एकदा ती शांतपणे म्हणाली, "तुम्ही घरी असता ते मला आवडतं. पण अकरा ते एक हा वेळ माझा एकटीचा असू दे." पंचवीस वर्षं तो वेळ तिचा होता आणि मला पत्ताच नव्हता. तेव्हापासून मी सकाळीच सावईवेऱ्याला येतो. पावसाळ्यात तर मुक्कामच असतो.

मे महिन्याच्या अखेरीस बाबांनी मला फवारणीचं, बुरशीवरचं बोर्डो मिश्रण करायला लावलं. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या पिंपांत कालवायचं आणि मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतायचं, उलट कधीच नाही. निळंभोर झालं की लखलखीत घासलेला कोयता त्यात बुडवायचा. मी पातं बाहेर काढलं तर त्यावर तांबूस झाक होती. बाबा बाजेवरूनच म्हणाले, "चुना कमी पडला." थोडा चुना घातला, कोयता पुन्हा घासला, पुन्हा बुडवला. पातं स्वच्छ निघालं. पोफळीवर चढणाऱ्या गड्याला त्यांनी खालच्या कोपऱ्यातून सुरुवात करायला सांगितलं, कारण तिथे ऊन पोचत नाही आणि सुपारी कुजवणारा कोळेरोग तिथूनच शिरतो. मी हे आता वहीत लिहून ठेवतो. झाडांच्या ओळींना नंबर दिलेत, बाबांना ते पसंत नाहीत, त्यांची स्वतःची नावं आहेत. मग मी तीही लिहितो.

सुहास, तुझ्याकडे कुळागर नाही. पण असं कोण आहे किंवा काय आहे, जे तुझ्या साठाव्या वर्षापर्यंत थांबणार नाही? पत्रात तू आकडे भरपूर लिहिलेस, वहिनींचं मत एका ओळीतही नाही. त्यांना विचारलंस का?

चवथीला दोघं या. माटोळीला, म्हणजे गणपतीच्या वरच्या चौकटीला, बांधायची रानफळं आणायला माणूस हवाच आहे, आणि शाळेच्या सुट्टीत तू ज्या दगडावरून पाटात पडलास तो बाबांनी अजून हलवलेला नाही. येताना वर्षभराच्या घरखर्चाची वही घेऊन ये. कौलांसारखं काय काय सुटलंय ते नीता बरोबर काढेल.

तुझा,
दत्ता