जुन्या होडीचे कागद

फालमथ, कॉर्नवॉल
१७ नोव्हेंबर

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या वर्षी गणपतीत फोनवर बाबांनी विचारले होते, "जुनी होडी घेतलीस ते ठीक, पण तिचे कागद कुठे आहेत?" मी "मिळतील" एवढेच बोलून विषय बदलला होता. बाबांना मालकीचे कागद म्हणायचे होते आणि ते पहिल्याच दिवशी माझ्या हाती आले होते. नव्हते ते तिचे आराखडे. ते मिळवायला मला चौदा महिने लागले, आणि या चौदा महिन्यांत तुम्हा दोघांना मी नीट काहीच सांगितले नाही, म्हणून आज सविस्तर लिहीत आहे.

होडी सत्तावीस फूट लांबीची, प्लायवूडची आहे. बाबा, तिला एक नव्हे, सारख्याच आकाराच्या दोन अरुंद होड्या आहेत आणि तीन आडव्या तुळयांनी त्या एकमेकींना जोडलेल्या आहेत. इकडे तिला कॅटमरान म्हणतात आणि तो शब्द तमिळ 'कट्टुमरम'वरून, म्हणजे बांधलेल्या लाकडावरून, आलेला आहे. आजोबांच्या होडीला एका बाजूला उलांडी, म्हणजे होडी उलटू नये म्हणून आडव्या वाशांनी जोडलेले तरंगते लाकूड, होती. इथे उलांडीच्या जागी दुसरी होडीच आहे, असे समजा. १९७४ साली कोणा हौशी माणसाने ती आपल्या परसात बांधून पूर्ण केली. मधल्या तुळईवर डोलकाठी उभी राहते आणि नेमकी तीच तुळई आतून कुजलेली निघाली. आधीच्या कोणी मालकाने त्या जागी लांबी (पुटी) भरून वर रंग फासला होता, त्यामुळे स्क्रू-ड्रायव्हरचे टोक सहज आत गेले तेव्हाच मला ते कळले.

अशी तुळई अंदाजाने बदलता येत नाही. प्रत्येक अंग, म्हणजे दोन होड्यांपैकी प्रत्येक होडी, वेगळ्या लाटेवर चढते, त्यामुळे तुळई सतत पिळली जाते. शिवाय शिडाचा सगळा जोर डोलकाठीतून तिच्या मध्यावर खाली दाबतो, आणि त्या दाबाने तिच्या खालच्या पट्टीवर ताण येतो. आतली पट्टी किती जाड होती, प्लायवूडचे किती थर होते, हे कुजलेल्या भुश्यावरून समजण्यासारखे नव्हते. त्यासाठी मूळ आराखडाच हवा होता.

हे आराखडे मुळात टपालाने विकले जात. १९५० आणि ६० च्या दशकांत तयार नौका विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते, अशा शिक्षकांनी, सुतारांनी, गिरणी कामगारांनी कागदांचा एक गुंडाळा मागवावा आणि सुटीच्या दिवसांत प्लायवूड कापत बसावे, अशी ती चळवळ होती. अमेरिकेत आर्थर पायव्हर यांनी तीन अंगांच्या नौकांचे असे आराखडे लोकांपर्यंत पोहोचवले आणि १९६० साली आपल्या तीस फुटी 'निंबल'मधून अटलांटिक ओलांडून स्वतःचे काम सिद्ध करून दाखवले. इंग्लंडमध्ये जेम्स व्हॅरम यांनी १९५४ साली साडेतेवीस फुटांची 'टांगारोआ' बांधली आणि पुढच्या वर्षी दोन जर्मन तरुणींसह ते याच फालमथहून अटलांटिकच्या सफरीला निघाले. मी रोज संध्याकाळी ज्या धक्क्यावर फिरते त्याच गावातून ते निघाले होते, याचा विचार मनात आला की मला अजूनही भरून येते. त्यांच्या आराखड्यांचे दहा हजारांहून अधिक संच पुढे जगभर विकले गेले.

पण ज्यांनी हे कागद काढले, ती पिढी आता सरली आहे. ऑस्ट्रेलियाचे हेडली निकोल १९६६ साली आणि पायव्हर १९६८ साली होड्यांसह समुद्रातच नाहीसे झाले. लॉक क्राउथर १९९३ साली गेले, डिक न्यूइक २०१३ साली, व्हॅरम २०२१ च्या डिसेंबरात. नॅथनिएल हेरशॉफ यांनी १८७६ साली 'अॅमॅरिलिस' नावाची कॅटमरान शर्यतीत उतरवली होती. त्यांच्यासारख्या नामवंताचे आराखडे आज अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या नाविक संग्रहात जपलेले आहेत. ज्यांना एवढे नाव मिळाले नाही त्यांचे कागद मात्र कोणाच्या तरी माळ्यावर, लोखंडी ट्रंकेत किंवा ओल्या तळघरात असतात, आणि घर विकले जाते तेव्हा जुन्या वर्तमानपत्रांबरोबर तेही बाहेर जातात.

माझी पहिली चूक मी लपवत नाही. एका विक्रेत्याकडून मी आराखड्याची झेरॉक्स वीस पौंडांना घेतली. ती त्याने कोठून आणली, विकण्याचा त्याला अधिकार होता का, हे मी विचारले नाही, कारण उत्तर मला ठाऊक होते. कागद घरी आणून टेबलावर पसरला आणि कोपऱ्यातल्या मोजपट्टीवर पोलादी पट्टी ठेवली. एका फुटाला एक इंच हे प्रमाण असल्यामुळे दहा फुटांची रेघ बरोबर दहा इंच भरायला हवी होती, आणि आडवी रेघ तशी भरलीही. उभी रेघ मात्र नऊ इंच आणि सात दशांशावर संपली. म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढता काढता कागद एकाच दिशेने आखडला होता. आई, तुझ्या ब्लाऊजच्या खाकी कागदी बेतणीसारखेच हे आहे. तो कागद पावसाळ्यात फुगतो म्हणून तू कधीच नुसत्या कागदावर विसंबत नाहीस, वहीत लिहिलेले माप आधी पाहतेस आणि मग माया सोडून कापतेस. इथेही आकडा लिहिलेला असेल तर तोच मानायचा, रेघेवर पट्टी लावून माप काढायचे नाही, असा नियम आहे. माझ्या झेरॉक्सवर मधल्या तुळईचे आकडे काळ्या डागाखाली गेले होते.

त्यानंतर मी होडीचा कोपरा न् कोपरा तपासू लागले. अशा आराखड्यांच्या प्रत्येक संचाला क्रमांक असतो आणि एका संचावर एकच होडी बांधण्याची परवानगी असते. कागद विकत घेतला म्हणून त्यावरचा हक्क विकत मिळत नाही; तो हक्क आराखडा काढणाऱ्याचा आणि त्याच्या पश्चात इथल्या कायद्याने सत्तर वर्षे त्याच्या वारसांचा असतो. पुढच्या आडव्या फळीवरचे रंगाचे चार थर खरवडल्यावर लाकडात कोरलेला तीन आकडी क्रमांक सापडला. त्या रात्री मला झोप आली नाही.

आता माझ्या होडीचा आराखडा काढणाऱ्या डिझायनरांविषयी लिहिते. ते हयात आहेत, चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत आणि पत्नीसह डेव्हनमधल्या एका खेड्यात राहतात. आपले नाव कुठे येऊ नये अशी त्यांची इच्छा आहे, म्हणून इथेही लिहीत नाही. मी त्यांना आधी ईमेल पाठवला होता, "आराखड्याची पीडीएफ मिळेल का?" असा एका ओळीचा. उत्तर आले नाही आणि मला राग आला. आज तो ईमेल पुन्हा वाचते तेव्हा त्यांचे गप्प राहणे मला रास्त वाटते. ज्याने एखादी वस्तू तीन-चार वर्षे खपून रेखाटली, तिच्यावर विसंबून लोक समुद्रात गेले, त्याच्याकडे दुकानात साखर मागावी तशी मी ती मागितली होती. क्रमांक सापडल्यावर मी हाताने चार पानी पत्र लिहिले. होडी कोणत्या अवस्थेत आहे, काय कुजले आहे, काय दुरुस्त करण्याचा विचार आहे, हे फोटोंसह कळवले. माझ्याकडे बेकायदा झेरॉक्स आहे हेही लिहिले. तीन आठवड्यांनी पोस्टकार्ड आले. त्यावर एवढेच होते: "झेरॉक्स घेऊन या. ती इथे चुलीत जाईल. मग बोलू."

मी गेले आणि खरोखरच चहाच्या आधी ती झेरॉक्स त्यांच्या स्वयंपाकघरातल्या लाकडी शेगडीत गेली. नंतर त्यांच्या पत्नीने एक जाडजूड वही आणली. तिच्यात प्रत्येक संचाचा क्रमांक, घेणाऱ्याचे नाव, गाव आणि पुढचा पत्रव्यवहार शाईने लिहिलेला आहे. माझ्या होडीसमोर १९७१ ची तारीख होती आणि त्याखाली दोन शब्द होते, "पत्र परत." मग त्यांनी मूळ आराखडा उलगडला. अशा जुन्या छाप्यांना अमोनियाचा जो उग्र वास येतो तो खोलीभर पसरला. कडा तपकिरी झाल्या होत्या, उन्हात राहिलेल्या भागावरच्या रेघा जवळजवळ पुसल्या होत्या, आणि मधल्या तुळईच्या चित्रावर पेन्सिलीने एक दुरुस्ती होती.

१९७६ साली एका होडीची मधली तुळई खालच्या बाजूने चिरली, तेव्हा त्यांनी खालची पट्टी दुप्पट जाड केली आणि वहीतल्या प्रत्येक पत्त्यावर तसे कळवले. माझ्या होडीच्या मालकाने तोवर घर बदलले होते. ते पत्र परत आले आणि ती पातळ पट्टी तशीच राहिली. माझी झेरॉक्सही १९७६ च्या आधीच्याच संचाची होती. तिच्यावरचे आकडे स्वच्छ दिसले असते, तर मी अगदी काटेकोरपणे तीच पातळ तुळई पुन्हा बांधली असती. बाबा, हे ऐकताना माझे हात गार पडले होते. कागद मिळाला की काम झाले, असेच तोवर मला वाटत होते.

त्यांनी दुसरी गोष्टही बदलायला सांगितली. तुळया अंगांना पोलादी बोल्टांनी आवळलेल्या आहेत. त्या भोकांतूनच पाणी आत शिरले आणि लाकूड कुजले. बोल्ट काढून दोराने बांध, म्हणजे सांधा थोडा हलेल पण तुटणार नाही, असे ते म्हणाले. व्हॅरम यांच्या पुढच्या होड्याही दोरानेच बांधलेल्या असतात. माझ्या दोन इच्छा मात्र त्यांनी साफ नाकारल्या. केबिनची उंची सहा इंचांनी वाढवण्याला त्यांनी नकार दिला, कारण दोन अंगांच्या होडीला जादा वजन आणि जादा वारा ही दोन्ही ओझी सोसत नाहीत. लाकडाऐवजी अॅल्युमिनियमची नळी बसवण्यालाही नकार दिला, कारण त्या नळीचा हिशेब त्यांनी केलेला नाही आणि न केलेल्या हिशेबाखाली ते सही करणार नाहीत. मी अर्धा तास वाद घातला. मी स्वतः इंजिनिअर आहे, गणित मलाही येते. पण शेवटी मी मान्य केले, आणि ते नाइलाजाने नाही. आराखडा त्यांचा आहे. त्याच्या बाहेर जायचे असेल तर मी माझी वेगळी होडी काढावी आणि तिला त्यांचे नाव लावू नये, हे मला पटले.

दीडशे पौंड घेऊन त्यांनी माझ्याच क्रमांकाचा नवा छापील संच दिला आणि वहीत माझे नाव लिहिले. पैसे देताना मला मुळीच जड वाटले नाही. जुने आराखडे स्कॅन करून जगाला फुकट वाटणारे लोक आपण वारसा जपतो असे म्हणतात, पण ज्या घरात त्या विक्रीवर सरपण येते ते घर मी पाहिले आहे. त्याचबरोबर हेही मला तितकेच मनापासून वाटते की, जे वारस आराखडे विकतही नाहीत, संग्रहालयाला देतही नाहीत आणि पत्राला उत्तरही देत नाहीत, ते जिवंत होड्यांच्या मालकांचा जीव धोक्यात घालतात. म्हणून मी या दांपत्याला भीत भीत विचारले की, पुढे या वहीचे काय? त्या दोघांनी एकमेकांकडे पाहिले. पुढच्या महिन्यात मी ती वही आणि पेन्सिलीच्या सगळ्या दुरुस्त्या त्यांच्यासमोर बसून नीट लावायच्या, आणि ते सांगतील तिथेच द्यायच्या, असे ठरले आहे.

आता बाबांकडे एक काम आहे. डेव्हनहून निघताना मी त्या डिझायनरांना आजोबांच्या उलांडीविषयी सांगितले. ते उठता उठता पुन्हा बसले आणि विचारू लागले. उलांडी होडीपासून किती अंतरावर होती? लाकूड कोणते? आडवे वासे तिला कसे बांधत? दोर ओला करून आवळत की सुका, आणि किती वेढे? मी पांगाऱ्याचे लाकूड आणि सुंभ एवढेच सांगू शकले. वेढे किती, पाचर मारत की नाही, हे मला आठवेना. लहानपणी मी त्याच वाशांवर बसून पाय हलवत असे आणि गाठीकडे कधी पाहिले नाही.

तेव्हा बाबा, मांगरात (आपल्या शेडमध्ये) ती होडी अजून असेल तर आईला सोबत घेऊन तिची मापे घ्या. पठाणाची (तळाच्या मुख्य लाकडाची) लांबी, नाळेची (पुढच्या टोकाची) उंची, मधली रुंदी, उलांडीचे अंतर, वाशांची जाडी, सगळे इंचात लिहा. आई, टेप तू धर, कारण बाबा अंदाजाने आकडा सांगतील आणि तू सांगू देणार नाहीस. गाठ सोडू नका. चारही बाजूंनी तिचे फोटो काढा आणि वेढे मोजा. जे मोजता येणार नाही त्यापुढे जागा कोरी ठेवा. गाठ कशी मारत हे बाबांना हाताने आठवत असेल तर सुंभाचा नवा तुकडा घेऊन एकदा मारून दाखवा आणि आईने त्याचा व्हिडिओ काढावा. नव्या तुळया फेब्रुवारीत बसवायच्या आहेत, म्हणून जानेवारीच्या आत हे मिळाले तर फार बरे होईल.

आईच्या गुडघ्यावर थंडीत शेक चालू ठेवा. बाबांनी मांगरात एकट्याने शिडीवर चढू नये.

तुमची,
अनू

ता. क. : आराखड्याचा फोटो बाबांनी मागितला होता, पण तो पाठवता येणार नाही, तसे कबूल करून आले आहे. मी स्वतः काढलेले तुळईच्या सांध्याचे चित्र सोबत जोडले आहे.