सुऱ्या, दादाच्या कॅसेटी सापडल्या

सुऱ्या,

मेल बघून घाबरू नकोस, सगळी बरी आहेत. काकू ठणठणीत, माझी बीपीची गोळी चालू, आईचे गुडघे होते तसेच. व्हॉट्सॲपवर लिहायला घेतलं होतं, खरं तिथं जरा लांब लिहिलं की तू अंगठा दाखवून मोकळा होतोस, आणि फोनवर हे माझ्याच्यानं बोलवणार नाही. निवांत असशील तवा वाच, ऑफिसात नको.

विजूदादाच्या कॅसेटी सापडल्या.

पावसाच्या आधी काकूंच्या घराची कौलं काढून पत्रे घालायचे म्हणून माळा रिकामा करायला मी आणि आमचा पोरगा गेलो होतो. मागच्या कोपऱ्यात ती हिरवी ट्रंक, दादाच्या रिपेअरीच्या सामानाची. वर सोल्डरिंग गन, मीटर, कसल्या कसल्या आयसी, आणि तळाला जुन्या साडीत गुंडाळलेल्या कॅसेटी. प्रत्येकीवर दादाचं ते तिरकं अक्षर, ‘शक्तिमान’ आणि खाली तारखा, एकेका एपिसोडची वेगळी. साडी काकूंची, ती अबोली, तुझ्या मुंजीतली. म्हणजे कुणी गुंडाळून ठेवल्या ते कळलंच. मी काय विचारलं नाही, त्यापण काय बोलल्या नाहीत, फक्त ट्रंक खाली आल्यावर म्हणाल्या, “चालतात काय बघ की रे दिप्या.”

आता आपल्या खानापूरचा पाऊस आणि तो माळा, तुला सांगायला नको. निम्म्याहून जास्त कॅसेटींना बुरशी. त्या छोट्या काचेतनं बघितलं की रिळाच्या कडेला पांढरं पीठ भुरभुरल्यागत दिसतं. तसली कॅसेट तशीच मशीनमध्ये घातली तर बुरशी हेडला लागते आणि हेडवरनं पुढच्या चांगल्या कॅसेटीला, त्यामुळं आधी स्क्रू काढून कवच उघडायचं, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टेप हळू हळू पुसायची, मग दुसऱ्या कवचात घालायची. आणि चालवायचं कशावर? व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी जपानची फुनाई, तिनंपण २०१६ च्या जुलैत बनवणं बंद केलं. शेवटी बेळगावात शहापूरला एक लग्नाच्या शूटिंगचं काम करणारा पोरगा आहे, त्याच्या वडिलांच्या काळातलं मशीन चालू आहे, तो कॅसेटीवरनं कॉम्प्युटरवर घेऊन देतो. त्याच्याकडं रविवारी रविवारी जाऊन बसतोय. पोरगा कामाला चांगला आहे, घाई करत नाही. खरं पहिल्याच दिवशी मला म्हणाला, “काका, सगळं शक्तिमान यूट्यूबवर फुकट आहे, क्लीन प्रिंट, उगीच पैसे कशाला घालवताय?”

खरंच आहे म्हणा ते. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शननं परत लावलं होतं तवा मीपण पोराला घेऊन बसलो होतो. त्याला मारामारीत काय राम वाटला नाही, गरगर फिरून उडायला लागला की उठून जायचा, खरं त्या खलनायक किलविशचा आवाज आला की मात्र हातातला मोबाईल खाली ठेवायचा. सुरेंद्र पालला मानलं पाहिजे. काकूंना मालिका आवडली ती त्याच्यामुळंच, आठवतंय काय, “अरे हा तर ‘महाभारत’मधला द्रोणाचार्य, आणि शक्तिमान म्हणजे आपला भीष्म, गुरू आणि पितामह का भांडूलालेत?” मला स्वतःला आता परत बघताना आवडतो तो गंगाधर. लहानपणी आपण गंगाधरचे सीन कधी संपतात म्हणून वाट बघत बसायचो, आणि आता वाटतं मुकेश खन्नाचं खरं काम तिथंच आहे. पुढं आलेले दात, तो चष्मा, ‘आज की आवाज’मधला वेंधळा फोटोग्राफर, आणि मागं सात चक्रं जागी केलेला माणूस लपलेला. शक्तिमान होऊन ताठ उभं राहणं त्यामानानं सोपं.

तर त्या पोराला मी काय सांगणार, यूट्यूबवर जे नाही ते मला पाहिजे म्हणून? त्याच्यात दादा नाही.

तू परत बघशील तवा तुला कळेल. दादा जाहिराती गाळायचा नव्हं, पॉजवर बोट ठेवून बसायचा, कुणी शेजारी हललं तरी खवळायचा. ते सगळं टेपवर आहे. ब्रेक आला की पार्ले-जीचा एक-दोन सेकंदाचा तुकडा दिसतो, मग एक झटका बसतो, चित्र जरा वाकडं होतं, आणि थेट पुढचा सीन. सुरुवातीच्या कॅसेटींत त्याचा हात कच्चा आहे, कुठं अर्धी जाहिरात राहिलीय, कुठं सीनचं पहिलं वाक्य गेलंय. किटू गिडवानी जाऊन वैष्णवी महंत मालिकेतली पत्रकार गीता विश्वास झाली तिथपर्यंत येईतोवर त्याचा हात इतका बसलाय की झटका शोधावा लागतो. (नवीन गीता आल्यावर तू दोन दिवस जेवला नव्हतास, हे मी तुझ्या बायकोला अजून सांगितलेलं नाही.) मधेच लाईट गेली की बर्फ, वाऱ्यानं अँटिना फिरला की मुंग्या, मग चित्र हळूहळू परत येतं, म्हणजे त्या वेळी तू कौलांवर होतास आणि मी दारात ओरडूलालो होतो, “आलं आलं, सोड, सोड नको!” आणि शेवटचं ते ‘छोटी छोटी मगर मोटी बातें’, पोरांना चांगल्या सवयी सांगणारं, एकदाही गाळलेलं नाही. आपण किती मागं लागायचो काढ म्हणून. आता कळतंय, ते काकूंसाठी होतं. पोरं गच्चीवरनं उड्या मारतात, पेटवून घेतात, शक्तिमान वाचवायला येईल म्हणून, असल्या बातम्या पेपरात यायला लागल्या आणि काकूंनी टीव्हीच बंद केला होता, तवा दादानंच तोड काढली की मी आधी भरतो, आई बघेल, मग पोरांनी बघायचं. मुकेश खन्ना स्वतः टीव्हीवर येऊन असं करू नका म्हणून सांगायला लागला तरी काकूंची परीक्षा चालूच. त्यांनी दादाशेजारी बसून एकूण एक कॅसेट बघितलीय सुऱ्या.

हां, ती कॅसेटपण मिळाली. होय तीच. दादानं टॅब मोडून ठेवला होता कुणी वर भरू नये म्हणून, आणि त्या भोकावर अजून चिकटपट्टी आहे, पिवळी पडलीय, खरं टिकून आहे. ‘कपाला’ म्हणून शक्तिमानच्या एपिसोडचं लेबल आणि आत शारजा, २२ एप्रिल १९९८, वाळूचं वादळ आणि सचिनचे १४३. तू आजही म्हणशील की ते देशाच्या इतिहासासाठी वर भरलं. मी आजही म्हणेन की दोन दिवसांनी फायनलला त्यानं १३४ मारल्याच की, ती भरायची होती दुसऱ्या कॅसेटवर. मॅच संपल्यावर शेवटची पाच मिनिटं शक्तिमान उरलाय. दादानं तुला दिलेल्या त्या कानाखालीचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आता खरं सांगायचं ते. मी कधीपासनं इकडं तिकडं लिहून टाळतोय.

एक कॅसेट वेगळी निघाली. बाकी सगळ्या मधे कुठंतरी थांबलेल्या, ही एकटी पूर्ण मागं गुंडाळलेली. टॅब मोडलेला नाही. लेबलवर दोन तारखा, तिसरी नाही. त्या पोराला मी चहाला पाठवलं आणि एकट्यानं लावली. दोन एपिसोड नेहमीसारखे, सफाईनं गाळलेले. तिसरा सुरू झाला, पहिला ब्रेक गाळलाय. दुसरा ब्रेक गाळलेला नाही. जाहिराती सगळ्याच्या सगळ्या, एकापाठोपाठ, मग एपिसोड, मग शेवट, मग परत जाहिराती, बातम्या, कसलातरी सिनेमा, थांबवायला कुणी आलंच नाही. कॅसेट संपली आणि मशीन आपोआप रिवाइंड झालं, म्हणून ती तशी गुंडाळलेली होती. कुठला रविवार ते तुला सांगायची गरज नाही. मी नंदगडला आत्याकडं होतो, मला संध्याकाळी कळलं.

सुऱ्या, मला चुकीचं समजू नकोस. तू एवढी वर्षं एकच गोष्ट धरून बसलायस. माझ्या लग्नाच्या आदल्या रात्री मलप्रभेच्या घाटावर बसून तू मला सांगितलंस, एपिसोड संपला तवा मी म्हणालो दादा कॅसेट भरली, दुसरी आण, आणि तो सायकल काढून गेला. तुझ्यामुळं गेला. तुझं तेवढं एक वाक्य आणि त्याच्यापुढं मी काय बोलणार होतो.

खरं कॅसेट भरलेली नव्हती रे. ती ई-१८० आहे, तीन तासांची. तिसरा एपिसोड संपल्यावर तासाहून जास्त टेप शिल्लक होती, मी स्वतः बसून बघितलीय, सिनेमाचा केवढा तुकडा भरलाय तिच्यावर. दादाला कुठल्या कॅसेटीवर किती उरलंय ते बोटावर पाठ असायचं, तो तासाभराहून जास्त रिकामी कॅसेट सोडून नवीन आणायला जाईल? आणि दुसरी गोष्ट, दुसरा ब्रेक आला तवा तो तिथं नव्हताच. म्हणजे एपिसोड संपायच्या कितीतरी आधी उठला होता. कुणी हाक मारली असेल, दुकानाचं गिऱ्हाईक आलं असेल, काहीपण असेल. तू ते वाक्य बोलला असशील, नाही म्हणत नाही, खरं दुसऱ्या कुठल्यातरी रविवारी. आपण त्या वेळी केवढे होतो?

तू लगेच वाद घालणार, मला माहीत आहे. म्हणशील रिमोटचा सेल गेला असेल, म्हणशील दादा कंटाळला असेल. मीपण सगळे आडवे-उभे विचार केले, दोन रात्री झोप नाही, बायको विचारूलाली की दुकानात काय झालंय काय. कंटाळला असता तर पहिला ब्रेक इतका सफाईनं गाळला नसता. सेल गेला असता तर मशीनवरचं बटण दाबायला उठला असता, तो तसलाच होता. आणि काय झालं असेल ते असूंदे, टेप किती उरली होती ह्यात वाद घालायला जागाच नाही.

आता माझ्यापुढं प्रश्न काकूंचा आहे. त्या रोज विचारतात झाल्या काय रे कॅसेटी. बाकीच्या मी पेनड्राइव्हवर घालून देतो, त्यांच्या टीव्हीला लागतो. ही देऊ का नको? त्यांना झटके ओळखता येतात, मी दोन मिनिटं मोबाईलवर दाखवलं तर लगेच म्हणाल्या, “इथं ह्यानं दाबलं बघ.” ह्या कॅसेटीत दुसऱ्या ब्रेकला न दाबलेलं त्यांना माझ्याआधी कळेल. लपवून ठेवायचं म्हटलं तर माझं मन होत नाही, साडीत गुंडाळून ठेवणाऱ्या त्याच, कुठली कॅसेट राहिली ते त्यांना माहीत असणार. माझ्या मनातलं विचारशील तर त्यांनी बघावी, खरं तू शेजारी बसलेला असताना. माझ्यासोबत नको.

आणि एक. तो शूटिंगवाला पोरगा चांगल्या मनानं म्हणतो की झटके काढून, जाहिरातींचे तुकडे कापून, रंग सुधारून देतो. मी त्याला हात लावू नको म्हणून सांगितलंय. एक फ्रेमपण कापायची नाही. शेवटच्या कॅसेटीचा टॅब मी स्क्रूड्रायव्हरनं मोडून टाकला, चुकून कुणी रेकॉर्ड दाबायला नको म्हणून, आणि ती सध्या आमच्या कपाटात आहे, दागिन्यांच्या डब्याशेजारी, तांदळाच्या पुडीत ठेवलेली नाही, बुरशी परत येऊ नये म्हणून त्या पोरानं ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पुड्या दिल्यात.

बाकी तुझं काय? फ्लॅटचा ताबा मिळाला काय? चिमीचं दहावीचं वर्ष, तिला जास्त टेन्शन देऊ नकोस, तू काय दिवे लावले होतेस ते मला माहीत आहे. सुनंदाला नमस्कार सांग. कुंदा पाठवला होता तो पोचला काय, पोचला तर निदान सांगायची पद्धत आहे.

पत्र्याचं काम चतुर्थीच्या आत संपतंय. गणपतीला तसा तू येतोसच, खरं ह्या खेपेला दोन दिवस आधी ये, घर पाव्हण्यांनी भरायच्या आत. तोवर काकूंना मी सांगतो एक कॅसेट पुसायची राहिलीय. फोन केलास तर दुकानाच्या नंबरवर कर, दुपारी तीननंतर, त्या वेळी गिऱ्हाईक नसतं.

तुझा,
दिप्या