गॅस गिझर आणि डोळ्यांपुढची अंधारी

महोदय,

थंडी पडली की गॅस गिझरच्या बाथरूममध्ये कुणी बेशुद्ध पडल्याच्या बातम्या येऊ लागतात. कारण म्हणून ‘गुदमरून’ एवढेच छापले जाते. शुद्ध हरपण्याआधी डोके दुखते, गरगरते आणि नजर धूसर होऊ शकते. ती वाफच आहे असे समजून माणूस आतच थांबतो.

मिनिटाला ६ लिटर पाणी देणारा गिझर पूर्ण आचेवर तासाला सुमारे १ किलो गॅस जाळतो. त्याला मिनिटाला २०० लिटर हवा लागते आणि छोट्या बाथरूममध्ये ती जेमतेम ५,००० लिटर असते. दार-खिडकी बंद असेल तर चार-पाच मिनिटांत प्राणवायू २१ वरून १८ टक्क्यांच्या आसपास येतो. मग गॅस अर्धवट जळून कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. गळणाऱ्या गॅसला मुद्दाम वास दिलेला असतो, याला वासच नाही.

हा वायू हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोळ्याचा पडदा आणि मेंदूचा मागचा, दृष्टीचा भाग यांना प्राणवायूची टंचाई सोसत नाही. पडद्यावर कधी रक्तस्राव दिसतो. पण इजा मेंदूत असेल तर पडदा स्वच्छ, बाहुल्या उजेडाला आकुंचन पावणाऱ्या, तरी रुग्णाला दिसत नाही. किंवा दिसते, पण वस्तू ओळखू येत नाही. अशा वेळी ‘डोळे नॉर्मल आहेत’ म्हणून घरी पाठवणे धोक्याचे.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तर सरळ फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेले हिमोग्लोबिनही तो प्राणवायूचेच धरतो आणि खुशाल ९८ दाखवतो. रक्तातले कार्बॉक्सीहिमोग्लोबिन, म्हणजे हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन, मोजायला सांगावे, मात्र अहवालासाठी ऑक्सिजन अडवू नये. साध्या हवेत त्याचे प्रमाण निम्मे व्हायला चार-पाच तास जातात, घट्ट मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिल्यास साधारण तास-दीड तास. बरे वाटले तरी विसराळूपणा, चालण्यातला बदल किंवा दृष्टीची तक्रार काही आठवड्यांनीही उद्भवू शकते. घरच्यांना हे सांगून ठेवावे.

गिझर उघड्या गॅलरीत बसवून आत फक्त गरम पाण्याचा पाइप न्यावा. नुसत्या एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नये: दाराखालून हवा आत यायला वाट नसेल तर तो जळका वायूच खाली ओढू शकतो. ज्योत पिवळी दिसली किंवा गिझरवर काजळी धरली, तर बर्नर साफ होईपर्यंत तो बंदच ठेवावा.

— एक नेत्रतज्ज्ञ