‘परत देण्याची तारीख’ आधी लिहिणाऱ्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

आमच्या पुण्यातल्या पेठेत पुराचे जुने फोटो आणि आठवणी टिपायला तुम्ही संग्रहालयातून आलात, त्याबद्दल हे पत्र. तुमचं आणि संग्रहालयाचं नाव कुठे घालू नका असं तुम्ही बजावलंत, म्हणून घालत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेलच. पेठेत काही लपत नाही.

१२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं, आणि पुण्यात पूर आला. त्या पाण्यातून वाचलेले फोटो आणि कागद नदीकाठच्या घरांत आजही माळ्यावर, पत्र्याच्या ट्रंकेत पडून आहेत. ते बाहेर निघत नाहीत, कारण एकदा बाहेर काढून लोकांनी हात पोळून घेतलेत. ‘स्मरणिकेसाठी दोन दिवस द्या’ म्हणून फोटो गेले, स्मरणिका छापून आली, खाली ‘सौजन्य’ नेणाऱ्याचं, आणि मूळ फोटो गडप. विचारायला जावं तर ‘शोधून कळवतो’. अजून शोधतायत.

म्हणून तुमचं ते कार्बनचं पावतीपुस्तक डोळ्यांसमोरून हलत नाही. फोटोला हात लावण्याआधी तुम्ही ते काढलंत आणि सगळ्यात पहिला रकाना भरलात तो ‘परत देण्याची तारीख’. मालकाचं नाव, वस्तू, माप हे सगळं नंतर. मग ‘आधीची इजा’ : ‘डावा कोपरा दुमडलेला, मागे निळ्या पेनाचं लिखाण, मधोमध पाण्याचा डाग.’ लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवलंत, सही घेतलीत, एक प्रत घरच्यांच्या हातात दिलीत. तोवर उंबऱ्यात हाताची घडी घालून उभ्या असलेल्या आजी ‘थांबा जरा’ म्हणून आत गेल्या आणि साडीत गुंडाळलेली आणखी चार चित्रं घेऊन आल्या. स्मरणिकावाल्यांनी हे एवढं केलं असतं तर त्या ट्रंका कधीच उघडल्या असत्या.

काचेला चिकटलेल्या त्या लग्नाच्या फोटोचंही लिहायलाच हवं. पुरात फोटोवरचा जिलेटिनचा थर भिजून फुगतो आणि वाळताना काचेला धरतो. सुरी घालून सोडवायला गेलं की चेहरे काचेवर राहतात आणि हातात येतो कोरा कागद. हौशी हातांनी असे किती नवरा-नवरी पुसले गेले असतील! तुम्ही चौकट उघडलीच नाहीत. दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत दिवे लावले, काचेत प्रतिबिंब पडू नये म्हणून कॅमेऱ्याभोवती काळं कापड धरलं, शेजारी मोजपट्टी ठेवली आणि काचेतूनच फोटो टिपला. सुटे फोटो ६०० डीपीआयला स्कॅन केलेत, नंबर मागच्या कडेला मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं घातलेत. बॉलपेन नाही, स्टिकर नाही. लॅमिनेशनला निघालेले तीन फोटोही तुम्ही वेळेत अडवलेत. ते प्लास्टिक उष्णतेनं एकदा बसलं की पुन्हा निघत नाही, हे दुकानदार कशाला सांगेल!

आमच्या पेठेतल्या अभ्यासक काकांना तुम्ही नुसतं ‘सहकार्य’ म्हणून तळाच्या ओळीत ढकललं नाहीत, तेही बरं वाटलं. कागद कसा हाताळायचा हे तुम्हाला ठाऊक, पण कुठला सज्जा कुठल्या वाड्याचा हे त्यांनाच ठाऊक. मोडीतलं दप्तर दमट दिसताच ते उलगडायला तुम्ही त्यांना थांबवलंत, कारण काजळाची शाई ओलाव्यानं पसरते. आणि तेही थांबले! दोन जाणकार एकमेकांचं ऐकतात हे पुण्यात वरचेवर पाहायला मिळत नाही.

पूर पाहिलेल्यांच्या मुलाखतींना पंखा बंद ठेवायचा आणि कुकरची शिटी होऊन जाईपर्यंत थांबायचं, हे आमच्या पोरांना तुम्ही शिकवलंत. त्याहून मोठं म्हणजे ‘पूर कसा होता?’ हा प्रश्न यादीतून खोडलात. त्याचं उत्तर ‘फार भयंकर’ याच्यापुढे जात नाही. त्याजागी घातलंत, ‘पाणी कितव्या पायरीला लागलं होतं?’ पायरी जागेवर असेल तर मोजायचा टेप लावला की पाण्याची उंचीच मिळते. वाडा पाडून इमारत झाली असेल तर शेजारच्या देवळाची पायरी. एकाच आळीतल्या तिघांनी वेगवेगळ्या पायऱ्या सांगितल्या तेव्हा तुम्ही कुणालाही खोटं पाडलं नाहीत. तिघांच्या पायऱ्या टिपल्यात आणि प्रत्येकाला एवढंच विचारलंत, ‘तुम्ही पाहिलंत तेव्हा पाणी चढत होतं की ओसरत होतं?’

केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते कुणाच्या ना कुणाच्या देवघरातून, पानाच्या तबकातून आलेले. इतिहासाचार्य राजवाडेही दप्तरं हुडकत गावोगाव पायी हिंडले. दारात आलेल्या माणसाची नियत घरातली बाई दोन वाक्यांत ओळखते. तुमची तिनं पावतीच्या पहिल्या रकान्यात ओळखली.

आणि तारखेच्या आदल्या दिवशी तुम्ही हजर! आजींच्या त्याच साडीत, तशाच घडीत चित्रं. पावती पुढे धरून एकेक इजा जुळवून दाखवलीत, वर प्रत्येक घराला एक छापील प्रत. आजींनी चहा टाकला, तो मात्र तुम्ही घाईत अर्धाच घेतलात. त्याची तक्रार आहे, ती इथे नोंदवून ठेवतो.

पावतीपुस्तक संपलंय. पुढच्या जुलैच्या आत नवं आणून ठेवतो, या वेळी तीन प्रतींचं. तिसरी काकांच्या कपाटात राहील. अजून अकरा घरांनी निरोप धाडलाय, त्यातल्या दोन चौकटी काचेला चिकटलेल्या आहेत. त्यांना कुणी हात लावायचा नाही, असं सांगून ठेवलंय.

आपले,
पेठेतले शेजारी