दिग्या, रक्त जुळलं नसतं तर?

कोल्हापूर,
३ ऑगस्ट

प्रिय दिग्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस आणि हे मला शेवटपर्यंत बोलायचंय, म्हणून पत्र. बाबा बरे आहेत. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, आता पेपर वाचते. आमचं बाकी ठीक.

शनिवारी दुपारी मी कॉलेजात पोरांना जुने सिनेमे दाखवतो हे तुला ठाऊक आहे. परवा 'सुजाता' लावला. संपल्यावर दिवे लावले, १९५९ साल, बिमल रॉय, सुबोध घोषांची कथा एवढं सांगितलं आणि म्हटलं, आता तुम्ही बोला. दोघातिघांनी नूतनचं कौतुक केलं. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. दुसऱ्या वर्षाची आहे, एरवी हजेरीपलीकडे तोंड उघडत नाही. म्हणाली, "सर, रक्त जुळलं नसतं तर?"

एक पोरगा म्हणाला, "तर पिक्चर अजून अर्धा तास चालला असता." सगळे हसले. ती हसली नाही. उभीच राहिली. "रमाचं रक्त आईला चाललं असतं, तर सुजाताला त्यांनी आपलं म्हटलं असतं का?"

दिग्या, मला तू आठवलास. जुने सिनेमे जपणाऱ्या आर्काइव्हच्या थिएटरात नेमक्या त्याच प्रसंगाला तू उठून बाहेर गेलास. चहाच्या टपरीवर मी तुला गाठलं आणि म्हटलं, नूतनसाठी तरी बसायचंस. तू म्हणालास, नूतनसाठीच उठलो. पुढे जे भांडण झालं ते हॉस्टेलच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्यांना पाठ आहे. त्या मुलीला मी म्हटलं, या प्रश्नावर पुढच्या शनिवारी पूर्ण वेळ बोलू. तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

मला काय छळतंय ते सांगतो. रमाची आई चारू जिन्यावरून पडते, रक्त हवं असतं, पोटच्या मुलीचं जुळत नाही आणि वाढवलेल्या अस्पृश्य मुलीचं जुळतं. शुद्धीवर आल्यावर आई तिला पोटाशी धरते, सुजातावर प्रेम करणाऱ्या अधीरशी तिच्या लग्नाची वाट मोकळी होते. रक्ताला जात नसते हे सिद्ध होतं. ते १९५९ साली पडद्यावर म्हणणं लहानसहान नव्हतं, अस्पृश्यतेच्या गुन्ह्यांचा कायदा होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. पण सिद्ध कुणी करायचं? जिच्यावर अन्याय झाला तिनंच. तेही आपलं रक्त काढून देऊन.

आता तू म्हणशील, हे मी तुला पंचवीसाव्या वर्षी सांगितलं होतं. सांगितलं होतंस. थांब, मी पुढचं बोलतोय.

याच बिमल रॉयनी सहा वर्षं आधी 'दो बीघा जमीन' केला. त्याचा शेवट आठव. पासष्ट रुपये समजून बसलेल्या शेतकरी शंभूला जमीनदाराचं कर्ज दोनशे पस्तीस निघतं, तो कलकत्त्यात रिक्षा ओढून ओढून मोडतो, परत येतो तर जमिनीवर कारखाना उभा राहतोय. मूठभर माती उचलतो, तर रखवालदार तीही टाकायला लावतो. काही मिळत नाही. कुणाचं मन पालटत नाही. इतका निष्ठुर शेवट करायची छाती असलेला माणूस 'सुजाता'च्या शेवटी दवाखान्यात का शिरला?

मला वाटतं, जमीनदाराचा राग खुर्चीत बसून करता येतो. तिकीट काढून आलेला शहरी माणूस जमीनदार नसतो, तो शंभूच्या बाजूनं रडतो आणि मोकळा होतो. चारूचं घर मात्र त्याचंच घर आहे. नवरा शिकलेला, कुणी वाईट बोलत नाही, मुलीला जेवूखाऊ घालतात, पाहुण्यांसमोर मुलीसारखी म्हणून ओळख करून देतात. फक्त रमा कॉलेजात जाते आणि सुजाता घर सांभाळते. 'बचपन के दिन'मध्ये रमा पियानोवर आणि सुजाता तिच्यापासून लांब, दोघी एकच गाणं गातात, तरी कोण कुठे आहे ते दिसतं. या प्रेक्षकाला शंभूसारखा शेवट दाखवला असता तर दोष त्याच्याच दारात आला असता. दवाखान्यानं त्याची सोडवणूक केली.

आणि चारू कोण झालीय? सुलोचनाबाई! भालजी पेंढारकरांच्या हाताखाली इथे कोल्हापुरात तयार झालेल्या, 'वहिनींच्या बांगड्या'मधल्या सुलोचनाबाई. महाराष्ट्रानं ज्या चेहऱ्याकडे पाहून आई आणि वहिनी म्हणायचं, त्या चेहऱ्यानं पोरीला दूर ठेवायचं. हा सिनेमाचा सगळ्यात धीट निर्णय आहे, आणि त्यावर मी तुझ्याशी आजही भांडेन. दुष्टावा करायला ललिता पवार आहेतच, त्यांचा राग करणं सोपं. पण जात टिकते ती ललिताबाईंमुळे नाही, सुलोचनाबाईंमुळे टिकते, मायाळू हातांनी टिकते, हे मला त्या सिनेमानं शिकवलं. बंगाली घर म्हणून दाखवतात आणि आत आपल्याच चार बाया, या दोघी, नूतन आणि सोलापूरची शशिकला. शशिकलाबाईंना पुढे आयुष्यभर खलनायिका करायला लावलं, इथे बहीण म्हणून किती मोकळ्या वाटतात.

टेलिफोनचा प्रसंग मी पोरांना दोनदा दाखवला. पलीकडे सुनील दत्त तलत महमूदच्या आवाजात गातोय आणि इकडे नूतन रिसीव्हर धरून उभी. बोलत जवळपास काहीच नाही. आधी हसू येतं, मग ते ओठातच थिजतं, डोळे भरतात. हे आपल्याला मिळणार नाही हे तिला आधीच कळलंय आणि तरी फोन ठेववत नाहीये. राग नाही असं म्हणतात तिच्याबद्दल. मला तिथे राग दिसतो. बोलायची परवानगी नसलेल्या माणसाचा. (याच गाण्यापायी एसटीडी बूथवर तू वहिनींना तलत ऐकवलास, मीटर पळत होतं आणि दुसऱ्या अंतऱ्याला तुझे पैसे संपले. उरलेले मी भरलेत. व्याज वाढतंय.)

पण एवढ्यानं त्या मुलीचं उत्तर होत नाही. काल रात्री बाबासाहेबांचं १९३६चं ते न झालेलं भाषण पुन्हा काढलं, लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं रद्द केलेलं. त्यात ते म्हणतात की जात मोडायचा खरा इलाज आंतरजातीय लग्न, रक्त मिसळलं तरच आप्तपणा येईल. वाचता वाचता उठून बसलो. सिनेमात दोन्ही आहे. रक्तही मिसळतं, लग्नही होतं. फक्त क्रम उलटा. बाबासाहेब म्हणतात, रक्त मिसळा म्हणजे आपले व्हाल. सिनेमा म्हणतो, आधी सुईतून रक्त दे, आपली झालीस की मग लग्नाचं बघू. त्याच १९३६मध्ये 'अछूत कन्या'तली कस्तुरी आगगाडी थांबवताना मरते. तेवीस वर्षांत मरणापासून रक्तदानापर्यंत आलो. पल्ला मोठा आहे, मी नाकारत नाही. पण दोन्हीकडे किंमत तीच मोजते.

दुसरी गोष्ट बुद्धाची. सिनेमात टागोरांच्या 'चंडालिका'चा प्रयोग आहे, भिक्षू आनंद चांडाळ मुलीच्या हातचं पाणी मागतो. पुढे मरायला निघालेल्या सुजाताला गांधींचा पुतळा आणि त्यांची वाक्यं परत फिरवतात. बुद्ध आहे, गांधी आहेत. आणि १४ ऑक्टोबर १९५६ला, तीनच वर्षं आधी, नागपूरला लाखो माणसं आपल्या पायांनी बुद्धाकडे गेली होती. तुझी आजी त्यात होती, तुझ्या वडिलांचा हात धरून. त्यांच्याकडे कुणी पाणी मागायला यावं म्हणून त्या थांबल्या नव्हत्या. महाडलाही १९२७ साली आपलं पाणी आपणच घेतलं होतं. सिनेमातल्या सुजाताच्या कानावर यातलं काही म्हणजे काही जात नाही. आजी आपल्या खोलीवर आल्या होत्या तेव्हा मी त्यांना नूतनचा फोटो दाखवला होता. "पोरगी गुणाची दिसते," म्हणाल्या, "पण हिला कुणी शिकवलं का नाही?" तेव्हा वाटलं, म्हाताऱ्या माणसाचं सहज बोलणं. परवापासून तो प्रश्न आणि त्या मुलीचा प्रश्न एकाच जागी येऊन उभे आहेत.

आणि तरी मला तो सिनेमा हवा आहे, दिग्या. हेच मला पोरांना सांगता येत नाहीये. 'नया दौर'च्या शेवटावर तू माझ्याशी अबोला धरलास, शर्यतीत मोटारीपुढे टांगा जिंकल्यावरही यंत्राशी समेट कसला करायचा म्हणून. मेहबूबच्या सिनेमांच्या सुरुवातीला येणारा विळा-हातोडा आणि त्याच्यासोबत नशिबाचा शेर, यावर तू मेसमध्ये भाषण ठोकलंस आणि आमटी गार केलीस. पण तू 'मदर इंडिया' पाहायचा थांबला नाहीस. राधा बिरजूवर गोळी झाडते तेव्हा तुझ्या डोळ्यात पाणी मी पाहिलंय. चिकित्सा आणि पाणी एकाच डोळ्यात कसं मावतं, ते या पोरांना दाखवायला मला माझ्याशेजारी तू हवा आहेस. मी एकटा बोललो तर ते फक्त नूतनचा वकील म्हणून ऐकतील. आणि त्या मुलीला, आपल्याआधी हे विचारून उठून गेलेला एक माणूस आहे, हे कळायला हवं. ती फार एकटी उभी होती.

पल्लवीला नोकरी लागली ते कळलं, तिला माझे आशीर्वाद. तुझी बदली रद्द झाली का? वहिनींचा गुडघा कसा आहे? मी पल्लवीला वेगळं लिहितोच.

महाराष्ट्र एक्स्प्रेसचं तिकीट काढ. तुझी तारीख कळली की या शनिवारची चर्चा मी पुढे ढकलतो, हॉल माझ्याच ताब्यात असतो. शुक्रवारी 'दो बीघा' लावू, शनिवारी 'सुजाता'ची शेवटची दोन रिळं पुन्हा. त्या प्रसंगाला उठायचं असेल तर खुशाल ऊठ, पण या वेळी बाहेर जायचं नाही, पुढे येऊन बोलायचं. आजींचा दीक्षाभूमीवरचा तो फोटो आणशील का? पोरांना दाखवायचा आहे.

तुझा,
नंदू