कुलूप लावण्याआधी मुले मोजा : शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

विषय : लोकसंख्येतील मुलांचे घटते प्रमाण आणि कमी पटाच्या शाळांबाबतचे निर्णय.

माननीय महोदय,

रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाडीवरच्या जिल्हा परिषद शाळेच्या व्यवस्थापन समितीचा सदस्य या नात्याने मी हे पत्र लिहीत आहे. २०२३ मध्ये लहान शाळा एकत्र करण्याच्या ‘समूह शाळा’ योजनेसाठी वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवण्यात आली, तेव्हा अशा शाळा चौदा हजारांहून अधिक आणि त्यांतील मुले १ लाख ८५ हजारांच्या आसपास असल्याचे समोर आले होते. या शाळांचा विचार आजवर मुख्यतः शिक्षकांची पदे आणि खर्च यांच्या हिशेबाने झाला आहे. माझी विनंती अशी की, त्या त्या शाळेचा पट नेमका कशामुळे घटला हे शोधल्याशिवाय आपण एकाही शाळेला कुलूप लावू नये.

पट घटण्यामागे एक मोठे आणि न परतणारे कारण आहे, हे आम्हा पालकांनीही मान्य केले पाहिजे. नमुना नोंदणी पाहणीनुसार देशाच्या लोकसंख्येत चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांचे प्रमाण १९७१ मध्ये ४१.२ टक्के होते, ते २०२३ मध्ये २४.२ टक्क्यांवर आले. महाराष्ट्रात ही घट आधीच सुरू झाली होती. २००१ च्या जनगणनेत राज्यात सहा वर्षांपर्यंतची सुमारे १ कोटी ३७ लाख मुले होती. २०११ मध्ये राज्याची एकूण लोकसंख्या दीड कोटीने वाढूनही ही संख्या १ कोटी ३३ लाखांवर उतरली. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा एकूण जननदर, म्हणजे एका बाईमागे सरासरी मुले, १.७ नोंदवला गेला, म्हणजे पिढीच्या जागी पिढी येण्यासाठी लागणाऱ्या २.१ पेक्षा बराच कमी. मुली शिकल्या, बालमृत्यू घटले, कुटुंब किती मोठे असावे हे बाईला थोडेतरी ठरवता येऊ लागले, याचा हा परिणाम आहे आणि तो चांगलाच आहे. (२०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे मुली जेमतेम ८०७ होत्या, ही या घटीची काळी बाजूही विसरता येत नाही.)

पण प्रत्येक रिकामा बाक हा न जन्मलेल्या मुलाचा नसतो. कोकणात हे फार स्पष्ट दिसते. २००१ ते २०११ या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन्ही जिल्ह्यांची एकूण लोकसंख्याच घटली, कारण तरुण माणसे मुंबई-ठाण्याकडे गेली आणि आता पूर्वीसारखी बायकामुलांना गावी ठेवून जात नाहीत. त्यांची मुले मुंबईजवळच्या विरार किंवा दिवा इथल्या शाळेत बसलेली आहेत. तिसरे कारण मला सर्वांत जास्त सलते. आमच्या वाडीतली काही मुले गावातच राहतात, पण सकाळी इंग्रजी माध्यमाच्या शाळेच्या गाडीत बसून तालुक्याला जातात. त्यांच्या आईवडिलांना मी दोष देत नाही. एकच शिक्षक चार इयत्ता सांभाळतो, त्यातच त्याला ऑनलाइन माहिती भरायची असते, पोषण आहाराचा हिशेब ठेवायचा असतो आणि केंद्रशाळेतल्या बैठकीला जायचे असते. तो गेला की शाळा त्या दिवसापुरती मिटते. हे पाहणारा पालक पुढच्या जूनमध्ये दाखला मागतो, पट आणखी खाली येतो आणि त्या पटाच्या आधारे संच मान्यतेत, म्हणजे शाळेला शिक्षकांची किती पदे हे दर वर्षी ठरते त्यात, दुसरे पदही जाते. साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक ही शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीतली तरतूद आहे. ती पाळली गेली असती, तर यांतली किती मुले वाडीतच राहिली असती, याचा हिशेब कोणत्याही अहवालात नाही.

जन्म घटणे, स्थलांतर आणि शाळा बदलणे या तिन्ही कारणांचे उपाय वेगळे आहेत, आणि पटसंख्येच्या एका आकड्यात ती तिन्ही गडप होतात. ती वेगळी करणे अवघड मुळीच नाही. गावातल्या अंगणवाडी सेविकेच्या सर्वेक्षणात प्रत्येक घरातले मूल नोंदलेले असते. ती नोंद, ग्रामपंचायतीचे जन्मनोंदणी पुस्तक आणि शाळेचे हजेरीपत्रक ही तीन कागदपत्रे समोरासमोर ठेवली, तर कोणते मूल जन्मलेच नाही, कोणते गाव सोडून गेले आणि कोणते गावात असूनही शाळेत नाही, हे एका दुपारी कळते.

२०१८-१९ च्या केंद्रीय आर्थिक पाहणी अहवालाने २०२१ ते २०४१ या काळात देशातील पाच ते चौदा वयोगटातील मुले १८.४ टक्क्यांनी घटतील, असा अंदाज देऊन नव्या शाळा बांधण्याऐवजी शाळा एकत्र करण्याचा विचार मांडला होता. मैदानी मुलुखात, जिथे दोन शाळा एकाच रस्त्यावर हाकेच्या अंतरावर आहेत, तिथे तो रास्त आहे. इयत्तेत एकट्याच असलेल्या मुलीला सोबत भांडायला आणि खेळायला कुणी नसते, कबड्डीचे दोन संघ होत नाहीत, हे मी रोज पाहतो, त्यामुळे लहान शाळेचा मला आंधळा अभिमान नाही. माझा आक्षेप अंतर मोजण्याच्या पद्धतीला आहे. आमच्या वाडीपासून जवळची दुसरी शाळा नकाशावर फार दूर नाही, पण वाट पऱ्ह्यावरच्या (ओढ्यावरच्या) साकवावरून, म्हणजे लहान पुलावरून, जाते. जुलैत पाणी चढले की मोठी माणसेही पलीकडे थांबून राहतात. सहा वर्षांच्या पोराला दप्तरासह त्या वाटेने कोण पाठवील? गाडी देऊ, असे सांगितले जाते. पण गाडी डांबरी रस्त्यापर्यंतच येते आणि तिच्या भाड्याची तरतूद दर वर्षी नव्याने मंजूर व्हावी लागते. वाट बंद झाली की आधी मुलीचे शिक्षण थांबते.

आणखी एक गोष्ट आपल्यासारख्या लोकप्रतिनिधीलाच सांगायला हवी. मुलांना मत नसते. त्यांच्या वतीने बोलतात ती त्यांची घरे. ज्या गावात शंभरांपैकी साठ घरांत शाळेत जाणारे मूल होते, तिथे गळक्या छपराचा विषय ग्रामसभेत आपोआप निघत असे. आज मूल असलेली घरे मोजकी राहिली आहेत आणि वृद्धांच्या गरजाही तितक्याच खऱ्या आहेत. मुलांचा वाटा घटत जाईल तसा त्यांचा आवाजही क्षीण होत जाईल, म्हणून त्यांच्या वाट्याचा पैसा नियमाने बांधून ठेवावा लागेल. मुले कमी झाल्यामुळे जी बचत होईल, ती शिक्षण विभागातच आणि त्याच तालुक्यातल्या प्राथमिक वर्गांवर खर्च व्हावी. कमी मुले म्हणजे प्रत्येक मुलाला अधिक देण्याची संधी आहे, आणि ती आपल्याला पहिल्यांदाच मिळते आहे.

शेवटी जनगणनेविषयी. आज पहिली ते सातवीत शिकणारे एकही मूल २०११ च्या जनगणनेत मोजलेले नाही, कारण त्यांतले कुणी तेव्हा जन्मलेच नव्हते. नवी जनगणना १ मार्च २०२७ या संदर्भ दिनांकाने होणार आहे. तिचे गावनिहाय, वयनिहाय आकडे हाती येईपर्यंत कमी पटाची कोणतीही शाळा कायमची बंद करू नये, तिची इमारत व जागा इतर कामासाठी देऊ नये, आणि दुसरा शिक्षक काढू नये. त्यानंतरही शाळा जोडायची झाल्यास पावसाळ्यातली पायवाट प्रत्यक्ष चालून पाहिलेल्या अधिकाऱ्याचा अहवाल आणि शाळा व्यवस्थापन समितीचा लेखी ठराव हे दोन्ही बंधनकारक करावेत. असा शासन निर्णय येत्या शैक्षणिक वर्षाच्या संच मान्यतेपूर्वी निघावा, ही आपणास आग्रहाची विनंती.

आपला नम्र,
शाळा व्यवस्थापन समितीचा एक सदस्य,
जिल्हा रत्नागिरी