पाचाचं येतं, आठाचं विचारा

महोदय,

प्रात्यक्षिक परीक्षा जवळ आल्या की आमच्या सिडकोतल्या झेरॉक्सच्या दुकानात रात्री उशिरापर्यंत पोरांची रीघ लागते. वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी जर्नल, म्हणजे प्रात्यक्षिकांची वही, मिळवायचं, ते हातानं उतरवायचं, आउटपुटचे प्रिंट चिकटवायचे, सह्या घ्यायच्या. माझी मुलगी संगणक अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिनंही दुसऱ्या वर्षी हेच केलं, आणि मार्क चांगले पडले म्हणून मी पेढेही वाटले.

गेल्या महिन्यात ती हिंजवडीला मुलाखतीला गेली. पहाटेची बस, सिन्नर-संगमनेर करत. अ‍ॅप्टिट्यूड निघाली. तांत्रिक मुलाखतीत समोरच्यानं विचारलं, ‘इंट किती बाइटचा?’ म्हणजे पूर्णांक ठेवायला कॉम्प्युटर किती जागा घेतो. ही म्हणाली, ‘दोन.’ त्यानं लॅपटॉप तिच्याकडे फिरवला, म्हणाला, बघ मोजून. चार आले. मग जी जीभ अडखळली ती शेवटपर्यंत.

रात्री घरी आल्यावर जेवण तसंच ठेवून तिनं लॅपटॉप उघडला. कॉलेजच्या लॅबमध्ये अजून निळ्या स्क्रीनचं टर्बो सी प्लस प्लस, म्हणजे प्रोग्राम लिहून चालवायचं जुनं सॉफ्टवेअर, चालतं, ते तिच्याकडेही होतं. जर्नलमधला फॅक्टोरियलचा प्रोग्राम तिनं लावला. पाच टाकले, १२० आले. सात टाकले, ५०४०. मग आठ. यायला हवे होते ४०३२०; आले उणे २५२१६. एकापासून आठापर्यंतचा साधा गुणाकार, आणि उत्तर शून्याच्या खाली! मी पुन्हा टाकायला लावलं. तेच. टर्बोत इंट १६ बिटांचा, म्हणजे दोनच बाइटचा, त्यात ३२७६७ च्या वर मावत नाही, त्यापुढचा आकडा उलटून उण्यात जातो, हे तिनं मला वहीवर मांडून दाखवलं. आजच्या नेहमीच्या कंपायलरवर, म्हणजे प्रोग्राम मशीनच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरवर, तो ३२ बिटांचा, चार बाइटचा. तिथे बारापर्यंत बरोबर येतं, तेराला तोही फसतो.

‘मग हे तेव्हाच कसं नाही कळलं?’

‘पप्पा, सगळ्यांच्या जर्नलमध्ये पाचच होतं.’

अख्ख्या वर्गाची जर्नलं, सगळ्यांत पाच, सगळ्यांत १२०, आणि खाली सही.

मी १९९२ ला सातपूरच्या आयटीआयमधून टर्नर झालो. हे टर्बोही त्याच सुमाराचं. अंबडला माझं छोटं वर्कशॉप आहे, तिथे एक लेथ माझ्या लग्नाआधीची आहे. तिच्या क्रॉस स्लाइडला बॅकलॅश, म्हणजे ढिलेपणा, आहे. पण नवं पोरगं आलं की पहिल्याच दिवशी मी त्याचा हात हँडलवर ठेवतो आणि उलटं फिरवताना किती रिकामं जातं ते दाखवतो. माझ्या मुलीला टर्बोवर शिकवलं याचा मला राग नाही. ते कुठे फसतं हे चार वर्षांत कुणी दाखवलं नाही, याचा आहे.

पैशाचं कारण तर नकोच. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि जीसीसी हा कंपायलर दोन्ही फुकट आहेत, आणि विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात लॅबसाठी तीच सुचवलेली आहेत. कामातल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट २००५ पासून आहे, तेही फुकट. मुलांनी काम त्यात ठेवलं तर कुणी कोणत्या तारखेला काय बदललं ते दिसतं. उतरवलेल्या जर्नलात अक्षर तेवढं दिसतं. शिकवणाऱ्यांतले कितीतरी जण तासिका तत्त्वावर आहेत, त्यांच्यावर आणखी ओझं टाकावं असंही मी म्हणत नाही.

मागणं एकच आहे, आणि ते एक्स्टर्नल, म्हणजे बाहेरचे परीक्षक, म्हणून जाणाऱ्या प्राध्यापकांकडे. माझ्याकडे कामाला येणाऱ्याची वही मी बघत नाही; हातात तुकडा आणि मायक्रोमीटर देतो. तसं तुम्हीही या वेळी जर्नल मिटवून ठेवा, पोराला मशीनवर बसवा आणि त्याच्या छापील आउटपुटमध्ये नाही असा एक आकडा टाकायला सांगा. उत्तर चुकलं तर चुकू द्या. का चुकलं ते सांगता आलं तर मार्क द्या.

मुलीची पुढची मुलाखत सोमवारी आहे. सध्या ती जर्नलमधले सगळे प्रोग्राम पहिल्यापासून काढून बसली आहे, आणि प्रत्येकात मुद्दाम वेडेवाकडे आकडे टाकते आहे. काल रात्रीपर्यंत अकरा फसले होते.

— एक पालक, सिडको, नाशिक